पोट भरल्याचं बटण

सांगोल्याजवळच्या येलपल्यांच्या वस्तीवर सगळं नवं आलं होतं. डाळिंबाच्या बागेवर फवारणीचे ड्रोन घिरट्या घालायचे, पाणी कधी सोडायचं हे मातीत पुरलेले सेन्सर ठरवायचे, आणि शेडमध्ये फळांची प्रतवारी करणारं यंत्र दिवसभर घुमत असायचं. एवढं सगळं बदललं, पण जेवणाची रीत काही बदलली नाही. आधी पुरुष, मग पोरं, मग म्हातारी सासू, आणि सगळ्यांची ताटं उचलून झाली की दोघी जावा ओट्याखाली फतकल मारून बसायच्या. कुणी सक्ती केली होती का? छे! विचारलं असतं तर त्यांचे नवरे, थोरला भारत आणि धाकटा नितीन, म्हणाले असते, "आम्ही कुठं अडवलंय? बसा की आमच्यासंगं." पण कुणी विचारलं नाही, आणि त्या कधी बसल्या नाहीत.

खरं सांगायचं तर थोरल्या सुवर्णाला दिवसातली तीच वेळ फार आवडायची. धाकटी हर्षदा नकला करण्यात पटाईत. डाळिंबं घ्यायला येणारा व्यापारी, मोबाईलवर ओरडून बोलणारी सासू, खुद्द स्वतःचा नवरा, कुणालाही सोडायची नाही. सुवर्णाला हसताहसता ठसका लागायचा. भांडायच्याही दोघी कडाकडा, भांडी आदळायच्या, पण जेवताना एका भाकरीचे दोन तुकडे करून खायच्या.

म्हणूनच ते सुवर्णाच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या येणार होतं? हर्षदा किती जेवते हे बघणारं घरात दुसरं माणूसच नव्हतं.

उन्हाळ्यात हर्षदा अर्धी भाकरी ठेवायला लागली. दिवाळीपर्यंत चतकोरावर आली. उरलेलं हळूच सुवर्णाच्या ताटात सरकवायची.

"अगं, असं टोचून काय खातेस? नवऱ्याशी भांडलीस का?"

"नाही हो अक्का. दोन घास गेले की इथं गच्च होतंय," हर्षदा बरगड्यांच्या खाली हात ठेवून म्हणाली. "पित्त असेल."

हर्षदाची आई तरुणपणीच गेली होती. तिलाही शेवटी शेवटी अन्न जात नव्हतं, आणि 'अन्न जाईना' यापलीकडं तिच्या दुखण्याला कुणी नाव दिलं नव्हतं. सुवर्णानं हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "उद्याच्या उद्या तुझा मणी करायचा."

मणी म्हणजे जठरमणी. पोटाच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्याच्यासाठी तो निघाला. नेहमीच्या कर्करोगाची गाठ होते. डाळीतला खडा सापडावा तशी ती घशातून घातलेल्या दुर्बिणीला सापडते. या प्रकारात गाठच होत नाही. पेशी एकेकट्या सुटतात आणि जठराच्या गुळगुळीत अस्तराखाली पसरत जातात, कणकेत मीठ मिसळावं तशा. वरून अस्तर निरोगी आणि गुलाबीच दिसतं. चिमट्यानं वरवरचा तुकडा काढला तर तोही स्वच्छ येतो. डॉक्टरला संशय येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पण एक गोष्ट मात्र या पेशींना लपवता येत नाही. निरोगी जठर रिकामं असताना एवढंसं असतं आणि जेवताना सैल होत जातं, येणाऱ्या घासाला जागा करून देतं. अस्तराखाली या पेशी पसरायला लागल्या की भिंत ताठर होते, आणि हे दुर्बिणीला काही दिसण्याच्या कितीतरी आधी होतं. तेच मोजायचं असं शास्त्रज्ञांनी ठरवलं. वाटाण्याएवढा मणी गिळायचा. तो पोटात ऐकू न येणारा आवाज सोडतो, भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपतो, आणि प्रत्येक घासाला भिंत किती मागं सरकली ते मोजतो. आपण तांदळाची पेज खात राहायची आणि पोट भरलं की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं त्या क्षणी जठर किती ताणलं होतं, त्यावर सगळा निकाल. दुसऱ्या दिवशी मणी आपसूक बाहेर पडतो.

आता हा आकडा कशाशी ताडून बघायचा? पहिला मणी परदेशातल्या माणसांवर बेतलेला होता. त्यानं आपल्याकडच्या निम्म्याअधिक बायकांना लाल, म्हणजे संशयित, ठरवलं आणि एकच हलकल्लोळ माजला. धडधाकट बायकांच्या घशात दुर्बिणी गेल्या, घराघरांत रडारड झाली, काहींची तर जठरं विनाकारण काढली. मग बनवणाऱ्यांनी गावोगाव शिबिरं घेतली, निरोगी बायका-पुरुषांचे आकडे गोळा केले आणि यंत्राला शिकवलं की या मुलखातल्या बाईचं जठर साधारण एवढं ताणतं. त्याच्या फार खाली गेलं तर लाल, नाहीतर हिरवा. पुढं नियमच झाला: आधी मणी, आणि मणी लाल आला तरच दुर्बीण. दुर्बिणीपुढच्या रांगा ओसरल्या, नाही ती घबराट थांबली. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हेही सांगून टाकलं पाहिजे.

हर्षदानं आरोग्य केंद्रात मणी गिळला. पेज पुढं आली. चार चमचे झाले आणि तिनं बटण दाबलं. नर्सनं पडद्याकडं बघितलं आणि हसून म्हणाली, "हिरवा! एकदम छान. बायकांचं असंच असतं ताई, काळजी करू नका."

नितीननं दवाखान्यातूनच घरी फोन केला. सासूनं देवापुढं साखर ठेवली. दोघी सुना सासूला आत्या म्हणायच्या. ती आत्या स्वतः उठून हर्षदाच्या हातावर साखर ठेवायला आली. हर्षदाची मुलगी ईश्वरी बारावीला होती. आई घरात शिरल्याबरोबर ती गळ्यात पडली आणि जी हसायला लागली ती थांबेना. सुवर्णालाही बरं वाटलं. वाटणारच की! तिला काय हौस होती?

पण जेवताना ताटाकडं लक्ष जायचं ते जायचंच. चतकोराचा घास-दोन घास झाला. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. सुवर्णानं नितीनला बागेत गाठलं.

"भाऊजी, तिला मोठ्या डॉक्टरला दाखवा. ती जेवत नाही."

"वहिनी, मणी हिरवा आलाय ना?"

"मणी आला असेल हिरवा. मी बघतेय ना तिला रोज."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?" नितीन चिडला नव्हता, उलट समजूत घालत होता. "बरं, तुमच्या मनाला समाधान म्हणून परत करू."

परत केला. परत हिरवा. आता तर सुवर्णाचं तोंडच बंद झालं. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि मनावर ताण घेऊ नका म्हणून सांगितलं. आत्या ओवा भाजून द्यायची. नितीन हर्षदाला माहेरी जाऊन ये, हवापालट कर म्हणायचा. सगळे जीव लावत होते, आणि सगळे मिळून तिला समजावत होते की तुला काही झालेलं नाही. हर्षदालाही ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा.

एका दुपारी सुवर्णानं तिच्या ताटात जबरदस्तीनं आमटी ओतली. हर्षदानं ताट ढकललं.

"अक्का, माझ्या ताटात बघणं सोडा आता! यंत्रानं दोनदा सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. तुमचं काय चाललंय? मी आजारी असायला पाहिजे का तुम्हाला?"

"मला? तुझ्यासाठी माझा जीव तुटतो आणि वर हे ऐकून घ्यायचं?" सुवर्णाचा पारा चढला. "मर मग उपाशी!"

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. पण गेलेला शब्द थोडाच परत येतो! हर्षदा उठून गेली. त्यानंतर दोघी शेजारी बसून, पाठ अर्धी वळवून, मुकाट्यानं जेवायला लागल्या. सुवर्णाला घास गोड लागेना. एकदा तर ती नुसती भाताकडं बघत बसली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हर्षदानं ते बघितलं आणि आपलं ताट उचललं.

मग एक दिवस शेडमध्ये डाळिंबाचा क्रेट उचलताना हर्षदा कोसळली. सुवर्णानं धावत जाऊन तिला उचललं. चाळिशीच्या बाईचं वजनच लागलं नाही हाताला. पोट मात्र साडीखाली थोडं फुगलेलं होतं.

भाच्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या म्हणून तिनं हर्षदाला सोलापूरला काढलं.

"अक्का, आपण साड्यांना चाललो नाही, हे मला कळतंय बरं का," हर्षदा गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"कळतंय तर गप बस."

"गप बसते. पण येताना एक साडी घ्याच. नाहीतर आत्या विचारतील, सोलापूरला जाऊन काय केलंत." आणि तिनं आत्याच्या आवाजात ते असं काही म्हणून दाखवलं की इतक्या दिवसांनी सुवर्णाला खुदकन हसू आलं. हसता हसताच ती रडायला लागली आणि हर्षदानं तिच्या मांडीवर हात ठेवला.

सोलापूरच्या डॉ. हत्तुरे पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञ. वयानं सुवर्णाच्याच आसपासच्या, बोलायला सरळ. त्यांनी हर्षदाला तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि संगणकाच्या पडद्यावर तिचे निकाल उघडले.

"मणी दोनदा हिरवा आहे. अशा पेशंटला दुर्बीण घालायला मला परवानगी मिळत नाही."

"मॅडम, मी काही शिकलेली बाई नाही. पण ती माझ्या शेजारी बसून जेवते. तिच्या पोटात अन्न मावत नाही, एवढं मला कळतं."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मला एक नेहमी चमत्कारिक वाटत आलंय. तुमच्या तालुक्यातल्या निरोगी बायकांचं जठर पुरुषांच्या निम्म्यानंही ताणत नाही असं हे यंत्र धरून चालतं. मी म्हणायचे, असेल बाई, अंगकाठी लहान, खाणं कमी. तुमच्या गावात शिबिर झालं होतं का मण्याचं?"

"झालं की. मी होते त्यात. शाळेच्या हॉलमध्ये."

"पेज पोटभर खाल्ली होती?"

"पोटभर?" सुवर्णाला हा प्रश्नच अजब वाटला. "मार्गशीर्षातला गुरुवार होता, मॅडम. घट मांडलेला, उपास होता. निम्म्या बायका घरची पूजा आटपून थेट तिथं आलेल्या."

"मग तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"कुणाला सांगायचं? आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी घरोघर फिरून आम्हाला गोळा केलेलं. त्या दिवशी बायका हमखास घरी सापडतात म्हणून तर तो वार धरला होता. शहरातली माणसं आलेली. त्यांच्यापुढं आशाताईंना खाली मान घालायला लावायची का? मणी औषध म्हणून गिळला. औषधाला उपास आड येत नाही. पेज नुसती ओठाला लावली आणि दाबलं बटण." तिनं पदर सारखा केला. "आणि समोर भावकीतले थोरले पुरुष खुर्च्या टाकून बसलेले. उपास नसता तरी त्यांच्यापुढं वाडगा पुसून कोण खाणार होतं?"

"बाकीच्या गावांत?"

"त्या महिन्यात दर गुरुवारी कुठं ना कुठं होतंच शिबिर. माझ्या माहेरीही तसंच झालं म्हणे."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "गुरुवार माझी आईही धरते. मीही धरायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आकडे एवढे खाली का, असं मला कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. यंत्र हुशार असतं, पण त्याच्यापुढं जे ठेवाल तेच त्याला खरं वाटतं. हजारो बायकांनी दोन-चार चमच्यांवर बटण दाबलं आणि यंत्र शिकलं की इथल्या बाईचं पोट एवढ्यावरच भरतं. आजारानं ताठरलेलं हर्षदाचं जठर जेवढं ताणत होतं, तेवढं यंत्राच्या लेखी निरोगीच होतं.

सुवर्णाला सगळं कळलं नाही, पण जे कळायचं ते कळलं. "म्हणजे आम्ही बटण दाबलं म्हणून हिचा मणी हिरवा आला?"

"तसं नका म्हणू."

"मग कसं म्हणू?"

डॉक्टरांनी दुर्बिणीच्या परवानगीचा अर्ज पुढं ओढला. त्यावर रक्तस्रावाचा संशय असं धडधडीत खोटं कारण घातलं आणि त्याच दिवशी दुर्बीण घातली. सुवर्णा बाहेर बाकड्यावर बसून होती. डॉक्टर बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी बसून सांगायला लागल्या. दुर्बिणीतून आत हवा सोडली की जठर फुग्यासारखं उघडतं. हर्षदाचं उघडलंच नाही. कातड्याच्या पखालीसारखं जाड आणि घट्ट, जसंच्या तसं राहिलं. त्यांनी खोलवरून तुकडे काढून तपासायला पाठवले होते.

तुकड्यांत त्या पेशी निघाल्या. पोटात पाणी झालं होतं, त्या पाण्यातही निघाल्या. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. पहिला मणी गिळला तेव्हा हे कळलं असतं तर पूर्ण जठर काढून टाकता आलं असतं. जठराशिवाय माणूस जगतो, थोडंथोडं खाऊन वर्षानुवर्षं जगतो. डॉक्टरांनी हे नितीनला सांगितलं तेव्हा तो खाली बघत नुसता मान हलवत राहिला. वहिनीकडं बघायची त्याची छाती झाली नाही. घरी आल्यावर त्यानं बागेतल्या मोटारीच्या खोलीची कडी लावून घेतली आणि आतून त्याचा हुंदका आत्याच्या खोलीपर्यंत ऐकू आला.

डॉ. हत्तुरे यांनी मणी बनवणाऱ्यांना कळवलं, सरकारला कळवलं. उत्तरं सभ्य भाषेत आली. नव्यानं आकडे घ्यायचे तर नवी मंजुरी, नवी शिबिरं, त्याला वर्षं लागणार. तोवर यंत्राचं जुनं माप चालू राहील, कारण ते काढलं तर पुन्हा निम्म्या बायका लाल होतील. हेही खोटं नव्हतं. आयुष्यभर शेवटी बसून, उरलंसुरलं खाऊन ज्यांची पोटं आखडली, त्यांचा आकडा आणि आजाऱ्याचा आकडा मण्याला एकसारखाच दिसत होता. तालुक्यात किती हिरव्या मण्यांच्या बायका आपल्या घरात निर्धास्त बसल्या असतील, हे मनात आलं की सुवर्णाला दरदरून घाम फुटायचा.

हर्षदा अंथरुणाला खिळली. आता तिला पाण्याचे घोटही मोजून जायचे. एका सकाळी तिनं सुवर्णाला जवळ बसवून घेतलं.

"अक्का, ईश्वरीचं काय?"

तोच प्रश्न सुवर्णानं डॉक्टरांना आधीच विचारला होता. आईची आईही बहुधा याच आजारानं गेलेली, आई जायला टेकलेली, म्हणजे मुलीला धोका होताच. अशा घराण्यांत एका जनुकात बिघाड सापडतो आणि मग रक्त तपासून कळतं. पण हर्षदाच्या रक्तात तो सापडला नव्हता. म्हणजे ईश्वरीचं रक्त तपासून उपयोग नव्हता. मण्याशिवाय दुसरं काही हातात नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मुलीला महिनाभर रोज पोटभर जेवू घाला. सवयीनं आखडलेलं जठर हळूहळू सैल होतं, आजारानं आखडलेलं होत नाही. मग तिचा मणी मी स्वतः बघेन, यंत्राला विचारणार नाही. ताणत नसेल तर वेळेवर जठर काढू, मुलगी वाचेल. फक्त बटण तिचं तिनं दाबायचं, खरंच पोट भरल्यावर. कुणाच्या सांगण्यावरून नाही."

सुवर्णानं हे सगळं हर्षदाला सांगितलं. हर्षदानं तिचा हात घट्ट धरला.

"तिला पुरुषांच्या पंगतीला बसवा, अक्का. माझी शपथ आहे."

"बसवते."

"आणि तुम्हीपण बसा."

"बसते गं बाई. तू बोलू नकोस आता."

"तुम्ही मला मर म्हणाला होता, त्याचं मनात ठेवू नका. मीच लई बोलले होते."

सुवर्णानं हर्षदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडली. त्याच आठवड्यात हर्षदा गेली.

सुतक फिटलं, पाहुणे पांगले, घर भकास झालं. मग एका दुपारी सुवर्णानं पानं मांडली, ती सगळ्यांची एकदम. भारतनं बायकोकडं बघितलं आणि सरकून जागा केली. ईश्वरी ओट्याजवळ उभी राहून भाकऱ्या वाढायला लागली होती. आई गेल्यापासून तिनं आईचं काम आपणहून उचललं होतं.

"तू बस. आत्या वाढणार आहेत."

"मी नंतर बसते ना, मोठी आई. तुमच्यासंगं."

"मी आत्ताच बसतेय. चल."

पोरगी बाप आणि चुलत्याच्या मधे अंग चोरून बसली. म्हातारी आत्या वाढत होती. सगळे आपापल्या ताटात बघत असल्याचं दाखवत होते, पण प्रत्येकाचं लक्ष त्या एका ताटाकडं. ईश्वरीनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. अर्धी भाकरी झाली आणि तिनं हात आवरला.

"बास."

भारतचा घास हातातच राहिला. नितीनचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, घे की अजून," तो म्हणाला. "घे माझी बाय. तेवढी तरी संपव."

ईश्वरीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं उरलेली अर्धी भाकरी उचलली. भरभर तुकडे मोडून तोंडात कोंबायला लागली. आत्यानं डोळे पुसत दुसरी वाढली, तीही तिनं मोडायला घेतली. नितीनच्या जिवात जीव येत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुवर्णा मात्र पोरीकडं बघत होती. पोरगी घासागणिक मान वर करून सगळ्यांचे चेहरे बघत होती. बापाचा चेहरा उजळला की पुढचा घास.

"थांब," सुवर्णा म्हणाली. तिनं ईश्वरीचा हात धरला. "आमच्यासाठी खाऊ नकोस. तुला भूक आहे का?"

"तुम्ही म्हणाल तेवढं खाते की."

"मी काही म्हणत नाही. कुणीच काही म्हणणार नाही. आमच्याकडं बघू नकोस. तुझं तू सांग. पोट भरलं का तुझं?"

ईश्वरीनं डावा हात पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. परीक्षेत उत्तर आठवत असल्यासारखी ती कपाळाला आठ्या घालून बसली. मग तिनं डोळे उघडले. आजीकडं बघितलं, चुलत्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि ओठ काढून रडायला लागली.

"मला नाही कळत, मोठी आई. तुम्हीच सांगा ना, भरलं असेल का?"